रिकीब नग १

सोलापूरच्या उत्तर कसब्यातला आमचा वाडा पाडायचा ठरला, तेव्हा काकांना एकाच गोष्टीचा घोर लागला होता. तलवार कुठे आहे? 'आपल्यात शिलेदारी होती' हे वाक्य सोलापुरात दर चार घरांआड जेवणानंतर ऐकू येतं, तसं ते आमच्याकडेही ऐकू यायचं. त्याला पुरावा म्हणून तलवार हवी होती. बहात्तरीचे काका दर रविवारी शिडी लावून माळ्यावर चढायचे आणि धुळीनं माखून खाली यायचे. पितळी डबे सापडले, दिवाळी अंकांचे गठ्ठे सापडले, कुणाच्या तरी मागावरचा एक धोटा सापडला. तलवार काही सापडली नाही.

माजघराची तुळई उतरवताना मजुरानं वरून एक काळंकुट्ट लोखंड माझ्या हातात दिलं. "ताई, भंगारात टाकू का?"

ती कंदिलाची कडी होती. माझ्या लहानपणी वीज गेली की तिला कंदील लागायचा. त्याआधी आज्जी तिला दुधाचं शिंकं टांगायची. पुढे तिच्यातून वायर ओढून बल्ब सोडला होता. पन्नास वर्षं मी तिच्याखाली जेवायला बसले, पण मान वर करून नीट कधी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी ती ओट्यावर ठेवली आणि तिथंच उभी राहिले. ती पडली नाही, डुगडुगलीही नाही. तिला तळ होता. चार बोटं रुंद, सपाट, कडेला किंचित वर वळलेला. वर कमान आणि कमानीच्या माथ्यावर पट्टा ओवायची आडवी खाच.

कंदील अडकवायच्या कडीला तळ कशाला हवा?

रिकीब होती ती. घोड्यावर बसणाऱ्यानं पाय ठेवायची.

यानंतर मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी घेऊन मी बसले. काजळी निघाली, मग गंज निघू लागला. कमानीच्या एका बाजूला केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा चमकल्या. वेल असावी, दोन पानं आणि एक कळी मला स्पष्ट दिसली. मला वाटलं, अजून घासलं तर अजून दिसेल. मी घासलं. दहा मिनिटांत रेघाही गेल्या आणि वेलही गेली. जुनी शस्त्रं जपणाऱ्या एका गृहस्थांना नंतर फोनवर सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "कोफ्तगिरी होती ती." लोखंडावर आधी बारीक चरे पाडतात, त्यांवर चांदीची तार ठोकून बसवतात. तार चऱ्यांना नुसती धरून असते. काजळीनं आणि तेलानं ती इतकी वर्षं झाकून जपली होती, ती मी दहा मिनिटांत मोरीत सोडली. आता एका बाजूला एक पान शिल्लक आहे, तेही तिरकं उजेडात धरलं तर.

रात्री सगळे झोपल्यावर मी पाय घालून पाहिला. चप्पल घालून जाईना. अनवाणी बरोबर बसला. माझा पाय पाच नंबरचा, म्हणजे घालणारा माणूसही काही धिप्पाड नसावा. तळ सगळीकडे सारखा नव्हता, एका कडेला झिजून पातळ झाला होता. जिथं चवड्याचा भार पडतो तिथंच.

काकांना दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हं. पण तलवार?"

तलवारीचं काय झालं ते आज्जी सांगायची, फक्त ते काकांना पटत नसे. इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. परवान्यावाचून घरात शस्त्र ठेवणं गुन्हा झाला. आज्जीच्या सासऱ्यांच्या वडिलांनी तलवार गावच्या लोहाराकडे नेली आणि तिचे दोन विळे करून आणले. त्यांतला एक विळा आज्जीनं वापरलेला होता. लोखंड चांगलं होतं, म्हणायची, धार राहायची. शिलेदारीचा इतका रोखठोक शेवट काकांच्या पचनी पडणार तरी कसा!

माझं मात्र तलवारीवरचं लक्ष उडालं. संग्रहालयात गेलो की आपण सगळे तलवारींच्या कपाटाशी गर्दी करतो. फिरंग, धोप, खंडा, पट्टा. गेंड्याच्या कातड्याची ढाल, चार पत्र्यांचं चारआईना, कड्यांत कडी गुंतवून विणलेलं चिलखत. वर्षातून मोजक्या दिवशी म्यानातून निघणाऱ्या वस्तू या. घोडेस्वाराच्या अंगाला रोज उठून जे लागायचं ते या कपाटात बहुधा नसतंच. चामडं कुजतं, लोकर कसर खाते, दोरी तुटते. उरतं ते लोखंड, आणि त्यालाही कंदील लागतो.

म्हणून मी वहीत यादी करायला घेतली. खोगीर. त्याखाली घडी घालून टाकायची घोंगडी. खोगीर पाठीवर घट्ट धरणारा पोटाखालचा पट्टा, तंग. उतारावर खोगीर मानेकडे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेली दुमची. चढावर मागे सरकू नये म्हणून छातीवरून पेशबंद. तोंडात लगाम, डोक्याला मोहरकी. खायला तोंडाशी बांधायचा तोबरा. अंग घासायला खरारा. मुक्कामाला बांधायला अगाडी-पिछाडीचे दोर आणि मेखा.

यादी वाचताना हसू आलं. यातली निम्मी अवजारं मी रोज वापरत होते. आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत खोगीरभरती फार झाली आहे, असं मी परवाच म्हणाले होते. खोगीर फुगलेलं दिसावं म्हणून त्यात काथ्या, चिंध्या, जुनी लोकर असं हाताला येईल ते कोंबायचे. तीच ही भरती. नातू तोंडात लाडू कोंबतो तेव्हा आम्ही 'तोबरा भरला' म्हणतो. घोड्याच्या दाण्याच्या रतीबाला चंदी म्हणत, आणि साहेबाला चंदी चारल्याखेरीज फाइल हलत नाही हे कळायला कुणाला घोडा पाळावा लागत नाही. खर्चाला लगाम, खुर्चीवर मांड, वरातीमागून घोडं, घोडामैदान जवळ. घोडा पागेतून गेला, तरी त्याचं सगळं सामान बोलण्यात राहिलं. आडनावांतही राहिलं: नालबंद, पागे, पागनीस, जीनगर, शिलेदार, शिकलगार.

शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर म्हणजे सरकारी पागेचा घोडा बसायला मिळालेला. ऐकायला शिलेदार मोठा वाटतो, आणि आमच्या घराला त्याचा अभिमानही आहे. पण नीट विचार केला की शिलेदाराची कुचंबणा दिसते. घोडा मेला की त्याची रोजी मेली. ऐन लढाईत जनावर पुढे घालताना त्याच्या मनात काय येत असेल? शिवाजी महाराजांनी पागेवर, म्हणजे बारगिरांवर, जास्त भिस्त ठेवली ती उगाच नाही. घोडा सरकारचा असला की स्वाराचा हात आखडत नाही.

सभासदानं बखरीत या पागेची मांडणी दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांचा हजारी. हे शाळेत घोकलेलं होतं. त्याच ठिकाणचं एक वाक्य मात्र तेव्हा डोळ्याखालून निसटलं होतं: पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. मी गृहिणी असल्यामुळे की काय, मला हवालदारापेक्षा हे दोघे, पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा, जास्त खरे वाटले. पंचवीस घोडी म्हणजे शंभर नाल. एका नालाला सात खिळे धरले तर सातशे खिळे. दीड-दोन महिन्यांनी खूर वाढतात, म्हणजे पुन्हा सातशे. हजार घोड्यांच्या फौजेबरोबर चाळीस माणसं नुसती खिळे ठोकत आणि चाळीस माणसं पाणी वाहत चालली आहेत. हे चित्र कुठल्याच कॅलेंडरवर छापलेलं मी पाहिलं नाही.

आणि खाणं. महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र अनेकांना ठाऊक असतं, पण रयतेच्या भाजीच्या देठापुरतंच. मला त्यातला गवताचा भाग आवडतो. पावसाळाभर पुरवायचा दाणा आणि वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि त्यांना मोगल बरे वाटतील. पुढे आगीची ताकीद आहे. गवताशेजारी चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, तीही काळजी घ्या. उंदीर आणि वात! एक राजा फौजेच्या कारभाऱ्यांना लिहितोय आणि त्याच्या डोळ्यांपुढे गवताच्या गंजीकडे वात घेऊन निघालेला उंदीर आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून आमचा देव्हाऱ्यातला दिवा बघून आले होते.

दख्खनच्या घोड्याला काय घालत, हे परदेशी माणसांनीही टिपून ठेवलंय. आपला भुईकोट बहामनी काळातला. त्याच बहामनी राज्यात १४६९ च्या सुमाराला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. इथं घोड्यांना साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असं तो लिहितो. आमच्याकडे भीमेकाठच्या तट्टाला बहुतेक कडबा आणि हुलगे मिळत असतील. त्याच हुलग्याचं माडगं आणि शेंगोळी आम्ही थंडीत खातो, म्हणजे पंगत एकच. ही तट्टं उंचीला बेताची, पण टणक. भीमथडीचा घोडा म्हणून अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. उशिरा का होईना.

भीमेचं म्हणावं तर माचणूरला गेल्याखेरीज बोलू नये. मंगळवेढ्याच्या वाटेवर नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, शेजारी पडका कोट. पलीकडचं गाव ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ अशी चार-साडेचार वर्षं औरंगजेबाचा तळ इथं होता. त्यानं गावाचं नाव बदलून इस्लामपुरी केलं; बादशहा गेला आणि नाव पुन्हा ब्रह्मपुरी झालं. तळ इथं यायच्या थोडं आधी, १६९५ मध्येच, कृष्णाकाठी गलगलीला जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशानं बादशहाची छावणी पाहिली. त्याला तिथं सांगितलेला आकडा साठ हजार घोड्यांचा आहे. आकडा ऐकीव आहे, फुगवलेलाही असेल. तरी मी घाटाच्या पायरीवर बसून मोबाइलवर हिशेब केला. एका घोड्याला दिवसाला तीन किलो दाणा धरला तर एकशे ऐंशी टन. दहा टनी अठरा ट्रक, रोज. कांद्याच्या हंगामात आपल्या बाजार समितीबाहेर रांग लागते ती डोळ्यांपुढे आणा, फक्त ट्रकच्या जागी बैलांवरच्या गोण्या घ्या. वैरण यात धरलेलीच नाही.

आणि समोर मराठे. स्वाराजवळ एक भाला, एक तलवार, ढाल आणि खोगिराला बांधलेली दाण्याची पिशवी. निजताना भाला शेजारी जमिनीत रोवलेला आणि लगाम मनगटाला. चिलखत घातलेला माणूस आपल्या घोड्यावर दहा-बारा किलो जास्तीचे लादतो. इथं रजईसारखा शिवलेला जाड अंगरखा पुरे. मला यात शौर्याइतकाच काटकसरीचा वास येतो. आमच्या घरात बाहेरगावी जाताना आज्जी असंच सामान बांधायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक घोंगडी. "जास्त घेतलं की जास्त सांभाळावं लागतंय," म्हणायची.

हे सगळं संपलं तेही याच जिल्ह्यात. फेब्रुवारी १८१८ मध्ये मोहोळजवळच्या आष्टीला इंग्रज घोडदळानं पेशव्यांच्या तळाला गाठलं. दुसरे बाजीराव निसटले. त्यांचे सेनापती बापू गोखले थोड्या स्वारांनिशी उलटून इंग्रजांवर गेले आणि तिथंच पडले. मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोनं सोलापूरचा किल्ला घेतला. एके काळी चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीनं आदिलशाहीला आंदण दिलेला हाच तो किल्ला, आज ज्याच्या बागेत आपण संध्याकाळी भेळ खातो. नंतर शहराला 'लष्कर' नावाचा भाग मिळाला, आणि हजारो शिलेदारांना घरी जायला सांगण्यात आलं. त्यांची घोडी कुठं गेली? विकली गेली असतील, टांग्याला लागली असतील, शेतावर मेली असतील.

काही मात्र वारीत गेली. माउलींच्या पालखीला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिले. चोपदार, नगारा, कर्णा, ठरल्या क्रमानं चालणाऱ्या दिंड्या, मुक्कामाची शिस्त हे सगळं फौजेतलंच, फक्त शत्रू नाही. पुरंदवड्याच्या गोल रिंगणाला मी तीनदा गेले आहे. दोन घोडे असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा सजवलेला, पण पाठीवर कुणी नाही. तिथं माउली बसलेली असते. तो सुटा घोडा पुढच्या घोड्याला गाठायला निघतो तेव्हा लाखभर माणसांचा श्वास थांबतो. घोडे थांबले की बायाबापड्या धावतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. पहिल्या वर्षी मीही लावली. तिसऱ्या वर्षी, रिकीब सापडल्यानंतर, मी मातीच्या आधी घोड्याचे पाय पाहिले. नाल नवे होते.

माचणूरहून परत येताना रस्त्याकडेला उसाच्या गाड्या थांबल्या होत्या. गळीताचे दिवस. एक बैल आडवा पाडून चारी पाय बांधले होते आणि एक म्हातारा त्याच्या खुराला पत्र्या मारत होता. बैलाला पत्री, घोड्याला नाल, माणूस तोच. मी गाडी थांबवली. त्यानं हातभर सुरीनं खुराचा वाढलेला भाग ताशीव कांद्यासारखा सोलला, कानस फिरवली, पत्री टेकवून पाहिली, काढली, ठोकून किंचित वाकवली, पुन्हा टेकवली. तोंडात खिळे, त्यामुळे बोलणं नाही. खिळा आत जाताना एक आवाज येतो, टणक, कोरडा. मध्येच आवाज बदलला. तो थांबला, खिळा उपसला, दोन सूत बाहेरच्या अंगाला घेऊन पुन्हा ठोकला. खिळ्याचं टोक खुराच्या बाहेर आलं ते पकडीनं पिळून तोडलं आणि उरलेलं टोक दुमडून बसवलं.

खिळे संपल्यावर मी विचारलं, आवाज का बदलला?

"जित्या जागी चालला हुता. आत गेला की आठ-आठ दिस लंगडतंय जनावर. गाडीवाला मग मला शिव्या घालतोय."

घोड्यांचं काम करता का? करतो की. लग्नसराईत वरातीची घोडी असतात, अकलूजच्या बाजारात असतात. आज्जा पागेत होता, असं तोही म्हणाला. कुठल्या पागेत ते त्याला सांगता आलं नाही, आणि कुठली शिलेदारी ते मला कुठे सांगता येतंय!

रिकीब पर्समध्ये होती. त्या दिवसांत ती सगळीकडे घेऊन हिंडायची मला खोडच लागली होती. मी काढून दिली. त्यानं हात धोतराला पुसले आणि ती घेतली. काकांसारखी उलटसुलट केली नाही. सरळ अंगठा तळावर फिरवला, झिजलेल्या कडेशी थांबला.

"डाव्या अंगाची हाय. चढताना समदा भार हितंच पडतोय." मग माझ्याकडे बघून, "घासली कुणी ही?"

मी गप्प.

"बरं. आन् दुसरी कुठं हाय?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. घोड्याला दोन बाजू असतात, माणसाला दोन पाय असतात, रिकिबी दोन लागतात. आज्जीनं, आईनं, मी, तलवार शोधत माळे धुंडाळणाऱ्या काकांनी, एकानंही दुसरी कुठे म्हणून विचारलं नव्हतं.

घरी येऊन काकांना फोन केला. ते म्हणाले, असेल कुठेतरी, तू तलवारीचं बघ. पण तासाभरानं त्यांचाच फोन आला. आवाज जरा वेगळा होता. वाड्याचे कागद बिल्डरला द्यायचे म्हणून त्यांनी ट्रंक काढली होती. आजोबांच्या आणि त्यांच्या भावाच्या वाटणीचा कागद त्यात होता. धाकट्या पातीशी, म्हणजे त्या भावाच्या घराशी, आमचं बोलणं माझ्या जन्माआधीपासून बंद आहे. कारण विहिरीचं की बांधाचं, ते आता कुणाला धड सांगता येत नाही. काकांनी यादी फोनवर वाचून दाखवली. तांब्याचा हंडा नग १. समई नग १. पितळी परात नग १. घोंगडी नग २. लोखंडी रिकीब नग १.

"आणि त्यांच्या बाजूला?" मी विचारलं.

कागद उलटल्याचा आवाज आला.

"तिकडेही एक आहे," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "त्यांचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"